पापणीच्या आतली नोंद

खुपऱ्यांवरच्या लसीवर एक लेख लिहायला घेतला होता. कच्चा मसुदा मावशीला दाखवावा म्हणून साताऱ्याला गेलो. मावशी डोळ्यांची डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही कुणी समोर आलं की ती आधी त्याचे डोळे बघते आणि मग चेहरा. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते. दोघांनी मसुदा आळीपाळीने वाचला. त्यात माझं एक वाक्य होतं : 'तैवानमधल्या शाळकरी मुलांना दिलेल्या या प्रायोगिक लसीचे दुष्परिणाम किरकोळ होते.' मावशीने पेन्सिलीने 'किरकोळ'खाली रेघ ओढली. काकांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि 'दिलेल्या'खाली ओढली.

चहा झाला, दुसरा झाला, आणि वाद काही त्या दोन रेघांवरून हलेना. आठवतं तसं उतरवतो आहे. मधे मधे माझी लुडबूड आहे, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

मावशी : किरकोळ हे तू कशावरून लिहिलंस?

मी : सुईचे त्रास काय असणार? दंड दुखणं, सूज, थोडा ताप.

मावशी : अंदाजाने लिहिलंस म्हणजे. अरे, त्यातल्या काही लसी खनिज तेलात घोटलेल्या होत्या, हे तूच पुढच्या पानावर म्हणतोस. तेलातली लस दंडात गेली की सावकाश झिरपते, म्हणून तिचा असर टिकतो. आणि म्हणूनच कधी कधी तिथे गाठ धरते, गळू होतं. माणसांच्या रोजच्या लसींतून हे तेल मागे पडलं ते मुख्यतः याच पायी. पण ते सोड. तू दंडाकडेच बघत बसलायस. आजार कुठे होता?

मी : डोळ्यात.

मावशी : वरच्या पापणीच्या आत. मग दुष्परिणाम कुठे शोधायचा?

काका : झालं. आता ही तुझी पापणी उलटणार.

उलटली नाही, पण समजावून मात्र दिलं, आणि ते इथे सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात आता पन्नाशीच्या आतल्या कुणाला खुपऱ्या म्हणजे काय हे नीट माहीत नसतं. इंग्रजीतला ट्रॅकोमा तो हाच. लहान मुलाचे डोळे चिकटतात, चिपडं येतात, माश्या बसतात. पापणी उलटली तर आत साबुदाण्यासारखे दाणे दिसतात. मूल बरं होतं, पुन्हा लागण होते, पुन्हा बरं होतं. असं लहानपणभर चाललं की पापणीच्या आतल्या अस्तरावर पांढरे व्रण धरतात. मग विशी-तिशीत ते व्रण आक्रसतात, पापणीची कड आत वळते आणि पापणीचे केस बुबुळावर घासू लागतात. डोळ्याची उघडझाप जितकी वेळा होईल तितकी वेळा. बुबुळ हळूहळू पांढरं पडतं. मावशीने तरुणपणी दोन वर्षं राजस्थानात शिबिरं केली होती. तिथल्या बायकांच्या कनवटीला छोटा चिमटा असायचा, ती म्हणाली. टोचणारे केस स्वतःच उपटायचे. बायकाच जास्त, कारण घरातली चिपडलेली पोरं त्यांच्याच मांडीवर.

मावशी : आता नीट ऐक. जंतू काही डोळा खात नाही. शरीर जंतूशी भांडतं आणि त्या भांडणात पापणीच्या अस्तराची नासाडी होते. हे भांडण जितक्या वेळा, जितकं जोरात, तितके व्रण. लस काय करते? शरीराला भांडायला शिकवते.

काका : म्हणजे घरात चोर शिरू नये म्हणून कुत्रा आणायचा, आणि त्याने चोरासकट घरच्या पोराला चावायचं.

मावशी : उपमा तुमच्या वर्गाला ठीक आहे. पण हो, साधारण तसंच.

काकांना या सगळ्या गोष्टीत एकच माणूस मनापासून आवडला होता. पेइचिंगचे तांग फेइफान. खुपऱ्यांचा जंतू कुणाच्या हाती लागत नव्हता. १९०७ मध्ये जावा बेटावर दोन युरोपीय शास्त्रज्ञांना रोग्याच्या पेशींत त्याच्या खुणा दिसल्या होत्या. १९२०च्या दशकात नोगुची हिदेयो यांच्यासारख्या नावाजलेल्या माणसाने भलत्याच जंतूला खुपऱ्यांचा जंतू ठरवून टाकलं होतं. तांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये कोंबडीच्या उबवत्या अंड्यात, बलकाच्या पिशवीत, तो वाढवून दाखवला. मग त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला, खुपऱ्या होऊ दिल्या आणि तिथून तोच जंतू परत काढला. १९५८ मध्ये, राजकीय छळाच्या दिवसांत, त्यांनी आत्महत्या केली.

काका : हा माणूस मला पटतो. आधी स्वतःचा डोळा.

मावशी : पटणारच. त्यात नाट्य आहे. पण स्वतःच्या डोळ्यात घालून एवढंच कळतं की हा जंतू खुपऱ्या करतो. लस चालते का, हे कसं कळणार? साठीच्या आसपासच्या एका प्रोफेसराला पुन्हा पुन्हा लागण होत नाही. ती होते पाच-सात वर्षांच्या पोराला, धाकट्या भावंडासोबत एका पांघरुणात झोपणाऱ्या. लस त्याच्यासाठी हवी, तर चाचणीही त्याच्यावरच होणार. यात क्रूर काय आहे मला कळत नाही.

काका : क्रूर नाही ग. सोयीचं आहे. शाळा म्हणजे काय? मुलं एका जागी, वयाप्रमाणे लावलेली, नावं वहीत, गैरहजर कोण ते रोज कळतं. आणि एक माणूस असा, की त्याने हात वर केला की सगळे गप्प बसतात. तुमच्या शास्त्राला याहून बरी मांडणी कुठे मिळणार?

मी मधे पडलो आणि मसुद्यातला क्रम वाचून दाखवला. अंड्यात जंतू वाढू लागल्यावर लस करणं शक्य झालं. तैवानात अमेरिकी नौदलाची एक वैद्यकीय संशोधन संस्था होती; तिथे ग्रेस्टन आणि वांग सान-पिन यांच्या गटाने १९५९-६० मध्ये पहिली क्षेत्रचाचणी केली. पाठोपाठ पश्चिम आफ्रिकेतला गांबिया, सौदी अरेबिया, इथिओपिया. आणि पंजाब. पंजाबातल्या खेड्यांतल्या मुलांना दोन वेगवेगळ्या लसी देऊन पाहिल्याचा वृत्तांत १९६७ मध्ये अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात आला. तैवानच्या शाळकरी मुलांवरच्या तेलातल्या लसीचा वृत्तांतही त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी.

काका : पंजाबातल्या त्या आयांना कुणी विचारलं होतं का?

मावशी : नव्हतं विचारलं, हे तुम्हाला माहीत आहे?

काका : नाही.

मावशी : मग विचारलंच नव्हतं अशा सुरात बोलू नका. त्या काळाला आजच्या मापाने मोजायचं झालं तर कुणीच पुरं पडणार नाही. हेलसिंकीचा जाहीरनामा १९६४चा. आपल्याकडे वैद्यक संशोधन परिषदेने माणसांवरच्या प्रयोगांचं धोरण पहिल्यांदा मांडलं ते १९८० मध्ये. तोवर जे डॉक्टर गावात गेले ते काही हिटलरचे डॉक्टर नव्हते. लोक आंधळे होत होते म्हणून गेले. मी त्या बायका पाहिल्यात. तुम्ही नाही.

काका : न्यूरेंबर्गची संहिता १९४७ची. तिचं पहिलंच कलम संमतीचं.

मावशी : स्वतःची संमती स्वतः देऊ शकणाऱ्या मोठ्या माणसांचं. मुलांबद्दल त्यात अक्षर नाही.

काका : तेच म्हणतोय मी. अक्षर नाही, म्हणून मग हेडमास्तरची सही.

हे वाक्य ते ज्या आवाजात बोलले, त्यावरून मला वाटलं की इथे काहीतरी आहे. मावशीलाही वाटलं असावं. तिने पेन्सिल खाली ठेवली.

काका : माण तालुक्यात होतो तेव्हा. ऐंशी साल असेल, किंवा एक्याऐंशी. दुष्काळी भाग, धूळ, मुलांचे डोळे कायम लाल. एक पथक आलं. जीपने आलं, यातच अर्धी शाळा जिंकली त्यांनी. त्यांच्याकडे डोळ्यांत घालायच्या मलमाच्या ट्यूबा होत्या. काहींवर लाल ठिपका, काहींवर निळा. वर्गातल्या अर्ध्या मुलांना लाल, अर्ध्यांना निळा. मी विचारलं, साहेब, फरक काय दोन्हींत? तो हसला. म्हणाला, गुरुजी, तेच तर बघायचंय.

मावशी : कुठलं पथक? कुणाचं?

काका : नाव आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी आता ते घेऊन काय करू? मी विचारलं, पालकांच्या सह्या? तो म्हणाला, अंगठे घेत कुठे हिंडणार गुरुजी, तुमची सही पुरे. मी केली. चौसष्ट नावांखाली एक सही. मला बरंसुद्धा वाटलं होतं. वाटलं, आपल्या शाळेचं काहीतरी होतंय.

मावशी : मुलांना काही झालं?

काका : काहींचे डोळे झोंबले. एक मुलगी दोन दिवस डोळे उघडत नव्हती, तिसऱ्या दिवशी उघडले. महिन्याभराने ते पुन्हा आले, डोळे बघितले, लिहून घेतलं, गेले. परत आले नाहीत.

मावशी : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

काका : तू विचारलं नव्हतंस.

मावशी उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मला मसुदा चाळण्यापलीकडे काही सुचेना. ती आली तेव्हा तिच्या हातात तिसरा चहा होता, कुणी मागितला नव्हता तो, आणि ती थेट लसीवरच बोलायला लागली, जणू मधलं काही घडलंच नव्हतं. पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर देतो.

लस अगदीच फुकट गेली नव्हती. काही चाचण्यांत लस घेतलेल्या मुलांना काही काळ लागण कमी झाली. पण संरक्षण अर्धवट होतं, लवकर विरलं, आणि ज्या प्रकारचा जंतू लसीत होता त्याच्यापुरतंच राहिलं. खुपऱ्यांच्या जंतूचे प्रकार आहेत. आज त्यांना ए, बी, बीए, सी अशी नावं आहेत. ती नावं द्यायची वेळ आली तीच मुळात या चाचण्यांमुळे, कारण एका प्रकारची लस दुसऱ्याला का अडवत नाही हे शोधायला लागलं. मग माकडांवरच्या प्रयोगांत नको ते दिसलं. आधी लस दिलेल्या काही माकडांच्या डोळ्यांत नंतर जंतू घातला, विशेषतः लसीत नसलेल्या प्रकारचा, तेव्हा त्यांचा डोळा लस न दिलेल्या माकडांहून जास्त सुजला.

मावशी : हा खरा दुष्परिणाम. लस देताना तो नसतो. दंडावर नसतो, त्या आठवड्यात नसतो, त्या वर्षातही नसतो. मूल पुढे कधीतरी पुन्हा त्या जंतूच्या तावडीत सापडतं तेव्हा तो उगवतो. आणि त्याच सुमारास अमेरिकेत काय झालं बघ. तान्ह्या बाळांना छातीचा विकार करणारा एक विषाणू आहे, आरएसव्ही. १९६६ मध्ये त्याची फॉर्मॅलिनने मारलेली लस करून बाळांना दिली. पुढच्या हिवाळ्यात साथ आली, तेव्हा लस घेतलेली बाळंच जास्त आजारी पडली. बहुतेकांना इस्पितळात न्यावं लागलं. दोन दगावली.

काका : बाप रे.

मावशी : मारलेल्या विषाणूची गोवराची लस होती, तीही तशीच निघाली. काही वर्षांनी मुलांना विचित्र, जास्त तीव्र गोवर. ती बंद केली. म्हणजे साठच्या दशकात तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसत होती : शरीराला चुकीचं शिकवलं तर न शिकवलेलं परवडलं.

काका : आणि तरी तू म्हणतेस चाचण्या बरोबर होत्या.

मावशी : बरोबर होत्या म्हणून तर कळलं. ती आरएसव्हीची लस थोड्या बाळांना दिली होती. चाचणी न करता सरकारने देशभर टोचली असती तर? दोनाच्या जागी किती, सांगा. तुम्ही गणित शिकवायचात ना?

काका : गणित येतं मला. त्या दोन बाळांच्या आयांना ते फळ्यावर मांडून दाखव.

मला वाटतं काकांनी इथे सोपी वाट धरली. आईचं दुःख पुढे केलं की कुठलंही गणित निर्लज्ज दिसतं, पण म्हणून ते चुकीचं ठरत नाही. मावशीने मात्र त्यावर काही सुनावलं नाही. ती म्हणाली, 'हो, दाखवावं लागलं असतं. दाखवायला कुणीतरी जायला हवं होतं.' मला तेव्हा हे उत्तर कमकुवत वाटलं होतं. आता वाटत नाही.

मी : पण मावशी, तैवानच्या मुलांचं काय? त्यांच्या पापण्या बिघडल्या का?

मावशी : माकडांत दिसलं तसं माणसांत ठामपणे दिसलं नाही. अलीकडे काही जणांनी ते जुने वृत्तांत पुन्हा तपासले. त्यांचं म्हणणं, लसीने मुलांचा आजार वाढला असं खात्रीने म्हणण्याजोगा, सगळीकडे सारखा पुरावा नाही.

मी : मग माझं 'किरकोळ' बरोबरच की.

मावशी : नाही. व्रण आक्रसायला वीस वर्षं लागतात, तीस लागतात. चाचणी चालते दोन-तीन वर्षं. तैवानात त्यांनी पहिल्या चाचणीतल्या मुलांचा पुढेही पाठपुरावा केला, ते त्यांच्या बाजूने लिही तू. पण त्या काळात तैवानच बदलत गेलं. घरं सुधारली, पाणी आलं, औषध आलं, खुपऱ्याच हटत गेल्या. लस घेतलेल्यांच्या आणि न घेतलेल्यांच्याही. ज्या मुलाला पुन्हा लागणच झाली नाही, त्याच्या शरीराने चुकीचं शिकलेलं होतं की बरोबर, हे कोण सांगणार? परीक्षाच झाली नाही.

काका : नळाने वाचवलं म्हण की.

मावशी : नळाने आणि साबणाने. युरोपाच्या बऱ्याच भागांतून खुपऱ्या गेल्या तेव्हा ना लस होती ना अँटिबायोटिक. आपल्याकडे १९६३ पासून कार्यक्रम होता, मलमं वाटली, पापण्यांची ऑपरेशनं केली, पुढे अझिथ्रोमायसिन आलं, पण तोंड धुवायला पाणी घरात आलं हे मी सगळ्यात वर धरते. २०२४च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचा सार्वजनिक आरोग्याला असलेला धोका संपल्याचं मान्य केलं. लस तोवरही आलेली नव्हती. आजही नाही.

काका : मग एवढी पोरं टोचून मिळालं काय?

याचं उत्तर मावशीकडे तयार होतं, आणि ते मलाही नवीन होतं. त्या चाचण्यांमधून जंतूचे प्रकार ओळखण्याची पद्धत निघाली. खुपऱ्यांच्या जंतूचेच भाऊबंद शरीरसंबंधातून पसरतात आणि बायकांच्या गर्भनलिका बंद करतात, मूल होऊ देत नाहीत, हे उलगडायला तीच पद्धत कामी आली. शिवाय एक अगदीच अनपेक्षित गोष्ट. १९६५ मध्ये तैवानातल्या लसचाचणीत एका मुलाच्या डोळ्यातून घेतलेल्या नमुन्यात एक जंतू मिळाला. त्याला टीडब्ल्यू-१८३ अशी खूण दिली. टीडब्ल्यू म्हणजे तैवान. तो खुपऱ्यांचा जंतू नव्हताच. बऱ्याच वर्षांनी सिअॅटलमध्ये घशातून मिळालेल्या एआर-३९ या जंतूशी तो जुळला आणि कळलं की हा न्यूमोनिया करणारा, तोवर अज्ञात असलेला जंतू आहे. दोन्ही खुणांची अक्षरं जोडून त्याला ट्वार म्हणू लागले. १९८९ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचं नाव मिळालं.

काका : आणि त्या मुलाचं नाव?

मावशी : नाव कसं असेल? नाव छापायचं नसतं. तो त्याच्याच भल्याचा नियम आहे.

काका : छापू नका. पण त्याला कळवलं का कुणी, की बाबा, तुझ्या डोळ्यातून हे निघालं? आज तो सत्तरीच्या आसपास असेल. पुस्तकांत एकशे त्र्याऐंशी आहे. ज्याच्या डोळ्यातलं ते, तो कुठे आहे?

मावशी गप्प. मग काका एकदम खम्मम आणि वडोदऱ्यावर गेले. ते प्रकरण मी मसुद्यात घातलं नव्हतं, कारण ते डोळ्याचं नाही. पण काकांच्या मते ते शाळेचं होतं, आणि तेच खरं होतं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देऊन पाहण्याचा प्रकल्प सुरू झाला. सात मुली दगावल्या, गदारोळ झाला, २०१०च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. कुणाला साप चावला होता, कुणी बुडालं होतं. पण संमतीचे कागद बघितले तेव्हा अनेक मुलींसाठी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

काका : तीस वर्षांनी. माझ्यानंतर तीस वर्षांनी तीच सही.

मावशी : आणि त्या सहीने काय केलं माहीत आहे? लस चांगली होती. जगभर सिद्ध झालेली आहे. पण त्या गदारोळाने आपल्याकडे तिच्या नावाला जो बट्टा लागला तो पुसायला दहा वर्षांवर गेली. आता पुण्यातच तशी लस तयार होते. मधल्या वर्षांत ज्या मुली मोठ्या झाल्या, त्यांच्यातल्या काहींना पुढे कर्करोग होईल. हाही दुष्परिणामच. तुमच्या सहीचा.

काका : माझ्या नाही. त्यांच्या.

मावशी : हो. तुमच्या नाही. चुकलं माझं.

असं ती पटकन म्हणत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

मी वातावरण हलकं करावं म्हणून आताचे नियम सांगितले. २०१९च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय चाचणीला हात लावता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःला विचारावं लागतं, आणि बारा वर्षांवरच्याचा होकार लेखी. खुपऱ्यांच्या कुळातल्या जंतूवर सीटीएच ५२२ नावाची नवी लस तपासली जाते आहे; तिच्या पहिल्या टप्प्याच्या दोन चाचण्यांचे निकाल २०१९ आणि २०२४ मध्ये आले. दोन्ही धडधाकट प्रौढांवर. दुसऱ्या चाचणीत तर काहींना दंडातल्या सुईबरोबर डोळ्यातही लसीचे थेंब घातले. आणि अख्खा जंतू न देता त्याचा निवडक तुकडाच द्यायचा, म्हणजे शरीराला नको तो धडा मिळणार नाही, अशी तिची रचना.

काका : सात वर्षांच्या मुलाला काय विचारणार? हे घालू का डोळ्यात? तो माझ्याकडे बघेल. मी मान हलवली की तो हो म्हणेल.

मावशी : मग तुम्ही वर्गाबाहेर थांबायचं.

काका : हे मात्र बरोबर बोललीस.

मावशी : आणि एक सांगते. शाळा नको म्हणता, पण शाळाच हवी. मी जीपमधून उतरणारी बाई. महिना, दोन महिने, मग बदली. मुलगा वीस वर्षांनी कुठे आहे हे मला कळायचा मार्ग नाही. तुमच्याकडे जनरल रजिस्टर असतं. जन्मतारीख, गाव, बापाचा धंदा, कुठल्या शाळेतून आला, दाखला घेऊन कुठे गेला. शंभर वर्षांची रजिस्टरं शाळांच्या कपाटात पडलेली असतात. दुष्परिणाम वीस वर्षांनी बघायचा असेल तर संशोधकाच्या वहीपेक्षा ते कपाट मला जास्त भरवशाचं वाटतं.

काका यावर खूश होतील असं मला वाटलं होतं. ते झाले नाहीत.

मावशी : काय झालं?

काका : काही नाही.

मावशी : त्या चौसष्ट मुलांची यादी तुम्ही ठेवली होतीत ना? कुणाला लाल, कुणाला निळा?

काका : यादी एकच होती. सही केलेली. ती ते घेऊन गेले.

मावशी : नक्कल?

काकांनी मान हलवली. मावशीने माझ्या मसुद्याचं शेवटचं पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. पेन्सिल उचलली, चष्मा वर सरकवला.

मावशी : त्या वर्षीचा वर्ग आठवतो तुम्हाला? मुलं कशी बसायची ते?

काका : मुलं बाकावर कुठली, सतरंजीवर. खिडकीकडून मुली, भिंतीकडून मुलगे.

मावशी : सांगा. खिडकीकडून सुरू करा. त्या दोन दिवस डोळे न उघडलेल्या मुलीपासून.